अल्पविरामाने सुरू होणारी ओळ

१९९८ला बेळगावात व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, आलं, त्याच सुमाराला 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबतच्या सीडीतून आमच्या हाती लिनक्सही आलं. ते बसवणं सोपं, गोम पुढे होती. काळ्या पडद्यावरून रंगीत पडद्यावर जायचं तर 'एक्सएफ८६कॉन्फिग' या फायलीत मॉनिटरच्या आडव्या-उभ्या वारंवारतेचे आकडे हाताने लिहावे लागत. आकडे पुस्तिकेत, आणि मॉनिटरची पुस्तिका कधी कुणाकडे सापडली आहे? चुकीच्या आकड्याने मॉनिटर बिघडू शकतो, असा इशाराही असे. जुन्या मॉनिटरांच्या बाबतीत तो खराच होता. म्हणून 'स्टार्टएक्स' मारताना एक बोट मॉनिटरच्या बटणावर. तिरक्या रेघा पळू लागल्या की बंद, आणि पुन्हा 'व्हीआय' एडिटरमध्ये.

मशीन सुरू करून देणाऱ्या 'लिलो'चं वेगळंच. फाइल बदलून भागत नसे, वर 'लिलो' हा हुकूमही चालवावा लागे. नवा कर्नल टाकून हे विसरणाऱ्याचं मशीन पुढच्या वेळी उठतच नसे.

पण फाइल फोनवर वाचून दाखवता येई. निपाणीतला मित्र लँडलाइनवरून ओळ वाचायचा, मी बेळगावातून "पुढचा हॅश काढ" म्हणायचो. फायलीत आमचे शेरेही असत, रोमन लिपीतल्या मराठीत: 'पन्नासच्या वर जाऊ नको'. काळ्या पडद्यावर देवनागरी उमटतच नसे.

आता मॉनिटर केबलीतूनच आपली कुंडली संगणकाला सांगतो. कीबोर्डासाठी सेटिंग्ज उघडायची, अधिकचं चिन्ह दाबायचं, मराठी निवडायची, झालं. उत्तमच आहे. फक्त सेटिंग्जचा पडदा फोनवर वाचता येत नाही. भाच्याच्या मशीनवर मेनू कन्नडमध्ये, माझ्याकडे इंग्रजीत, आणि दर आवृत्तीला बटणांची जागा नवी. "मामा, ते गिअरचं चित्र न्हाई की ओ इथं!" निवडलेलं सगळं नोम डेस्कटॉपवाले डीकॉन्फच्या बायनरी फायलीत ठेवतात, ती एडिटरमध्ये उघडून वाचायची सोय नाही. शेरा लिहायचा कुठे?

मॉनिटरचे आकडे लिहायला मी पुन्हा जाणार नाही, हौसेनेसुद्धा. कीबोर्डाची फाइल मात्र माझ्या एक्सएफसीईवाल्या जुन्या लॅपटॉपवर अजून हातानेच बदलतो. 'ईटीसी'मधल्या 'डिफॉल्ट'खाली ती असते. एका ओळीत तीन मांडण्या: यूएस, इन, इन. प्रकारांची ओळ अल्पविरामानेच सुरू होते, कारण इंग्रजीची जागा रिकामी सोडायची असते. मग 'मार-कगप', मग 'कान-कगप'. तो पहिला अल्पविराम गाळला की मराठीचा प्रकार इंग्रजीच्या वाट्याला जातो आणि सगळंच बिनसतं. 'कगप' म्हणजे कन्नड गणक परिषद. सीमाभागातला मराठी माणूस कन्नड परिषदेच्या आराखड्यावर मराठी टाइप करतो, आणि यावरून अजून मोर्चा निघालेला नाही!

ही फाइल मी भाच्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. त्याने ती जागेवर ठेवली, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि मेनू कुठल्या भाषेत आहे हे मला विचारावंच लागलं नाही.