अर्ध्या तिकिटातले घुमट

14 डिसेंबर 2024, शनिवार. रेवदंडा

आज दत्तजयंती. अलिबागहून सुटलेल्या एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी गाडी चौलच्या दत्ताला निघालेली. भोवाळ्याची जत्रा आजपासून पाच दिवस. पहाटे शिरवण्याच्या घरून निघून पनवेल, मग अलिबाग, इथवर सगळं सुरळीत. पुढे कंडक्टरने न विचारताच जत्रेचं, बायकांचं अर्धं तिकीट काढलं. मला हमामखान्याला जायचंय म्हटल्यावर तो गप्प झाला. बाजूच्या आजी म्हणाल्या, "तिथं काय नाय बाय, आधी दत्ताला जा."

दत्ताला संध्याकाळी गेले. आधी हमाम, चौलचं जुनं न्हाणीघर.

नारळ-सुपारीच्या वाड्यांतून वाट जाते. सावली इतकी दाट की उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही, मग एकदम काळा दगड समोर येतो. आत गेलं की घुमटाला ठेवलेल्या भोकांतून उजेडाचे गोल जमिनीवर पडलेले. खिडकीची गरजच नाही: आतली ऊब आत राहते, उजेड तेवढा वरून येतो, बाहेरच्या माणसाला आतलं काही दिसत नाही. भिंतीला हात लावला तर थंडगार. इथे कधी अंगाला घाम फुटेल इतकं गरम पाणी खेळत होतं, हे हाताला पटत नाही.

वरचं चौल आधी बहमनींचं, मग निजामशहांचं; खालचं म्हणजे रेवदंडा पोर्तुगिजांचं. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी 1469 च्या सुमारास याच बंदरात उतरून जुन्नर-बिदरकडे गेला. पुढे पोर्तुगीज आले, शेजार बिनसला, आणि 1570-71 मध्ये पहिल्या मुर्तजा निजामशहाने रेवदंड्याला वेढा घातला. कित्येक महिने झुंजूनही ते त्याच्या हाती लागलं नाही. या मुर्तजाचा शेवट 1588 मध्ये नगरला झाला. पोटच्या मुलाने, मिरान हुसेनने, त्याला न्हाणीघरात कोंडून खाली जाळ केला. चौलच्या हमामाशी या गोष्टीचा काही संबंध नाही. पण मी बाहेर पडले ती जरा भरभर.

15 डिसेंबर, रविवार. मुरूड

साळावचा पूल, कोर्लई, काशीद, नांदगाव. या रस्त्याला एसटीची खिडकी मिळाली तर दुसरं काही नको.

राजपुरीच्या धक्क्यावर जंजिऱ्याच्या होड्यांसाठी ही रांग. गाइड लोकांची टेप चालू: कलालबांगडी तोफ, शिवाजी महाराजांनी समोर बांधलेला पद्मदुर्ग, संभाजीराजांनी समुद्रात घालायला घेतलेला सेतू. सगळं खरं आणि ऐकावंसंच. पण ज्यांच्यामुळे हा किल्ला कुणाला घेता आला नाही, ते सिद्दी त्या गोष्टीत कुठेच माणूस म्हणून येत नाहीत. ते म्हणजे आपण जिथे धडकलो ती भिंत.

ती माणसं आगरदांड्याकडे जाताना लागणाऱ्या खोकरीला आहेत. रिक्षावाल्याने विचारलं, "ताई, एकट्याच? तिथं कुणी नसतं." त्याला थांबायला सांगितलं आणि त्याचे वेगळे पैसे आधीच ठरवून टाकले. एकट्या बाईने अशा ठिकाणी एवढं करावंच. सकाळी पोचायचं, परतीचं वाहन हाताशी ठेवायचं, जवळच्या टपरीवर चहा घेऊन आपण कुठे चाललोय ते मोठ्याने सांगून ठेवायचं. बाकी भिण्यासारखं काही नाही.

तीन मकबरे. सगळ्यांत मोठा सिद्दी सुरूलखानाचा. तो 1707 ते 1734 जंजिऱ्याचा प्रमुख होता, आणि ही इमारत त्याने जिवंतपणीच बांधून घेतली असं सांगतात. धाकटे दोन खैरियतखान आणि सिद्दी कासीम ऊर्फ याकुतखान या भावांचे. खैरियतखान 1696 मध्ये गेला, याकुतखान 1707 मध्ये. 1670-71 मध्ये जंजिऱ्याचा तेव्हाचा प्रमुख फत्तेखान किल्ला शिवाजी महाराजांच्या हवाली करायला निघाला, तेव्हा त्याला कैद करणाऱ्यांत हे दोघे होते.

मोठ्या मकबऱ्याच्या दगडी जाळीजवळ बराच वेळ बसले. सरळ चौकटीतली नक्षी, पण पाथरवटाचा हात प्रत्येक ठिकाणी तसाच पडलेला नाही; एका कोपऱ्यातलं भोक किंचित तिरकं आहे आणि त्यातून येणारं ऊनही तिरकं पडतं. चौथऱ्यावर कुणाच्या तरी शेळ्या रवंथ करत होत्या. अरबी लेखावरून मी नुसता हात फिरवला. वाचता येत नाही. शाळेत चौथीला आपण सिद्दी जोहर शिकतो, पुढे जंजिऱ्याचा सिद्दी येतो, आणि निम्म्या वर्गाला ते दोघे एकच वाटतात. मास्तरही फारसे अडवत नाहीत.

16 डिसेंबर, सोमवार. शिरवणे

जुईनगरहून 8.12 ची सीएसएमटी. शिवडी आल्यावर आज पहिल्यांदा मान वर करून बघितलं. 1689 मध्ये औरंगजेबाच्या बाजूने याकुतखान शिवडीलाच उतरला, माझगावचा किल्ला घेतला आणि इंग्रजांना वर्षभर कोटात कोंडून धरलं. शेवटी त्यांनी औरंगजेबाकडे माफी मागितली तेव्हा 1690 च्या जूनमध्ये तो हलला, जाताना माझगावचा किल्ला उद्ध्वस्त करून गेला. तो किल्ला होता ती टेकडी म्हणजे डॉकयार्ड रोड स्टेशनवरची बॅप्टिस्टा बाग. म्हणजे काल ज्याच्या कबरीपाशी शेळ्या बघत होते, त्याच्या स्वारीच्या वाटेने मी रोज पास काढून कामाला जाते. शेजारच्या बाईला सांगितलं. ती म्हणाली, "बाई गं," आणि मटार सोलत राहिली.

28 डिसेंबर, शनिवार. नगर

शहराचं नाव अहिल्यानगर झालं, तरी स्टँडवर सगळे नगरच म्हणतात.

सकाळी भिंगारजवळची दमडी मशीद. 1567 ची, साहिरखानाची. लहानशी, पण दगडाला कागदासारखं कातरलंय. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी रोजातली एकेक दमडी टाकून ती उभी केली, अशी कथा. एवढ्या महागड्या कोरीवकामाकडे बघता मला ती कथा पटत नाही. पण कानाला गोड लागते म्हणूनच ती टिकली असावी.

दुपारी शाहडोंगर. सगळे त्याला चांदबिबीचा महाल म्हणतात, रिक्षावालेही तेच. तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. त्याच मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची ती कबर आहे. अष्टकोनी, तीन मजली, सजावटीचे कसलेच लाड नाहीत. जिना अरुंद आणि काळोखा, मोबाइलचा दिवा लावूनच चढले. वरती वारा असा की ओढणी डोक्याला बांधावी लागली. खाली तळघरात खऱ्या कबरी. भिंतींवर बदामात बसवलेली नावं मोप. बऱ्याच जोड्या सेल्फी काढून उतरतात, खाली कुणी राहतं हे त्यांच्या गावीही नसतं.

29 डिसेंबर, रविवार. भातोडी

या दौऱ्यातलं हे खरं ठिकाण, आणि इथे घुमट नाही.

मूळ तलाव सलाबतखानाने बांधलेला. 1624 मध्ये इथेच निजामशाहीच्या मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांना गाठलं आणि तलाव फोडून त्यांच्या वाटेत चिखल केला. निजामशाहीच्या बाजूने शहाजीराजे होते, त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी होते. नगरच्या शाह शरीफ पिराला नवस करून झाले म्हणून मालोजीराजांनी मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरेतली गोष्ट. त्यातले शरीफजी इथे पडले, निजामशहासाठी लढताना. त्यांची समाधी गावात आहे. वाट विचारायची गरज पडली नाही, एक शाळकरी पोरगी सायकल हातात धरून पुढे चालत आली, "या मावशी, दावते."

समाधीवर ताजा हार होता. तिथल्या एका काकांशी बोलणं झालं. त्यांना लढाई तारखेनिशी पाठ. तलाव कुणी बांधला विचारलं तर म्हणाले, "खानानं. पाणी आमचं." मग यंदा आवर्तन किती, कांद्याला भाव काय, यावर ते जे सुरू झाले ते माझी गाडी दिसेपर्यंत. त्यातच त्यांनी सांगितलं की कल्याणच्या शेणाळे तळ्याकाठीही एक जुना मकबरा आहे, त्यांचा जावई तिकडे राहतो. शिरवण्याहून ठाण्याला गाडी बदलून जाता येईल. पुढचा रविवार मोकळा आहे.