शनिवार तेली

कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत पूर्वी काही तेल्यांचे घाणे शनिवारी बंद असत. का, हे गावाने फार खोदून विचारलं नाही. सोमवारी महादेवासाठी घाणा थांबवणारे सोमवार तेली होतेच. हे झाले शनिवार तेली. एवढ्या ओळखीवर कित्येक पिढ्या शेजार चालला.

हे बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. परंपरा सांगते, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. पोथ्या समुद्राने नेल्या, ‘शेमा’ची प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. हे कधी घडलं, यावर पंडितांनी खुशाल भांडावं. मला गलबतापेक्षा त्यानंतरचा संसार जास्त खरा वाटतो. मटणाला दुधादह्याचा स्पर्श नको, हा धर्माचा नियम. कोकणाने नारळाचं दूध पुढे केलं. द्राक्षाची दारू कुठून आणणार? मनुका भिजवून त्यांच्या पाण्यावर शनिवारच्या विश्रांतीचा शब्बाथ साजरा झाला. कोळंबी वर्ज्य, पापलेट चालतं. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. एलियाहू नबीच्या नवसाला पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं यांचा मलिदा. त्याचा रथ तर अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावरूनच स्वर्गात गेला म्हणतात. खुणा दाखवतात!

मग मुंबई. 1796 साली सॅम्युएल दिवेकरांनी तिथे पहिलं सिनगॉग बांधलं. पलटण, रेल्वे, कचेऱ्या यांत माणसं रुळली.

1948 नंतर घरं एकेक करून इस्रायलला निघाली. कुणी हाकललं नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं. शेकडो वर्षं ज्या यरुशलेमकडे तोंड करून प्रार्थना केली, तिथे आता जहाज जात होतं. आमच्या आळीतल्या मावशीही सासरच्यांबरोबर गेल्या. वाट्याला आलं निगेवच्या वाळवंटातलं दिमोना.

इथे ज्यांना सगळे ‘इस्राएल’ म्हणत, ते तिथे ‘हिंदी’ झाले. तेही चाललं असतं. पण 1962 मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं की बेने इस्राएलांचं लग्न दुसऱ्या ज्यूंशी लावण्याआधी त्यांच्या आईचं, आजीचं, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांचं कूळ तपासावं. कागद कुठून आणायचे? नवगावच्या समुद्राने पोथ्या नेल्या तेव्हा दाखले तेवढे ठेवले असतील होय! शनिवारी थांबलेला घाणा हा पुरावा कोणत्या खिडकीवर दाखल करतात? साक्ष काढायचीच तर अलिबागच्या कोळ्या-माळ्यांची काढायला हवी होती. शेजारणीच्या चुलीवर काय शिजतं आणि कोणत्या दिवशी चूल पेटत नाही, हे त्यांना बिनचूक ठाऊक होतं. माणसं यरुशलेमच्या रस्त्यावर उतरली, आणि 1964 मध्ये संसदेने ठराव केला: बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. मावशींना यात आनंदापेक्षा अपमानच जास्त वाटला. ठराव करावा लागला, याचा. मला त्यांचं पटतं.

आता मावशी नव्वदीच्या पुढे आहेत. ‘मायबोली’ या तिथल्या मराठी नियतकालिकाचे जुने अंक त्यांच्या उशाशी असतात. मुलगा मराठी बोलतो, पण क्रियापदं हिब्रूतून उचलतो. सून मोरोक्कोहून आलेल्या ज्यू घराण्यातली. परवा नातू लष्करात भरती व्हायचा होता म्हणून घरात मलिदा होता, आणि मी फोनच्या पडद्यावरून पाहत होते. सुनेने विचारलं, पोहे किती मिनिटं भिजवायचे? मुलाने प्रश्न मराठीत आणून दिला.

“मिनिटं कसली? हाताला कळतं.”

सुनेने मूठभर पोहे दाबून सासूपुढे धरले. मावशींनी मान हलवली. अजून नाही. पुन्हा धरले. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा सूनबाईंनी विचारलंच नाही, सरळ गूळ घातला.

“शिकली हो,” मावशी मला म्हणाल्या, आणि लगेच तक्रारीवर आल्या. “सगळं मिळतं गं इथे, पण नारळ? हलवला तर आत पाण्याचा आवाज नाही. अलिबागला काय भाव चाललाय सध्या?”

मी भाव सांगितला. महाग आहे म्हणाल्या.