दिंडोरीचा रस्ता, चैत्राचे ऊन आणि आपली मोटारसायकल

नाशिकच्या पंचवटीतून, दिंडोरी नाक्यापासून, उत्तरेकडे जो रस्ता निघतो तोच दिंडोरी, वणी, कळवणचा रस्ता. बाजार समितीचे आवार मागे टाकायचे, म्हसरूळ ओलांडायचे, ढकांबे गेले की पंचवीसेक किलोमीटरवर दिंडोरी हे तालुक्याचे गाव. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, मधूनच कांद्याच्या चाळी. एरवी मोटारसायकलवर हा रस्ता कसा सरतो ते कळतही नाही. चैत्रात मात्र तोच रस्ता माणसाची आणि गाडीची परीक्षा पाहतो.

आम्ही तीन मोटारसायकलींवर सहा जण याच दिवसांत तिकडे गेलो. एप्रिल महिना, पारा चाळिशीच्या आसपास, आणि रस्त्यावर गर्दी म्हणजे केवढी! द्राक्षाच्या शेवटच्या मालाचे क्रेट भरलेल्या पिकअप, उन्हाळ कांद्याच्या ट्रॉल्या, एस.टी. गाड्या, त्यात सप्तशृंगी गडाची चैत्र यात्रा. रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत ही यात्रा भरते आणि नाशिककडून पायी निघालेली माणसे याच वाटेने चालतात. माणूस ज्या चालीने चालतो त्याच चालीने मग मागची गाडी सरकते.

अशा गर्दीत रस्त्याच्या कडेला, झाडाच्या सावलीला उभ्या केलेल्या मोटारसायकली आम्ही जागोजागी पाहिल्या. टाकीत पेट्रोल आहे, चाकात हवा आहे, पण गाडी पुढे जात नाही. किक मारून मारून घामाघूम झालेला बाप आणि पदराने लेकराला वारा घालणारी आई. कारण एकच, इंजिन तापलेले.

हे का होते ते समजून घेऊ. पेट्रोल जळून जी शक्ती निघते तिचा फार तर पाव ते तिसरा हिस्सा चाकाला मिळतो. बाकीची सगळी उष्णता होते. मोटारीत ती उष्णता वाहून नेण्यासाठी पाणी आणि पंखा असतो. आपल्या साध्या शंभर-सव्वाशे सी.सी.च्या गाडीला यातले काहीच नसते. इंजिनाभोवती ज्या पातळ पट्ट्या दिसतात, ज्यांना कारागीर फिन्स म्हणतात, त्यांना लागणारा वारा आणि आतले ऑइल, एवढ्यावरच तिचे भागते. गाडी धावली तर वारा लागतो. गाडी रांगली की वारा बंद, आणि आतली आग मात्र चालूच. म्हणून चाळीसच्या वेगाने वणीपर्यंत न तापणारी गाडी दिंडोरीच्या चौकात पंधरा मिनिटांत तापते.

गाडी तापल्याचे ती आधी सांगते, आपण ऐकले पाहिजे. ओढ कमी होते. ॲक्सिलेटर पिळला तर इंजिनातून टकटक आवाज येतो. न्यूट्रल लागता लागत नाही. जळक्या ऑइलचा वास येतो. यातले काहीही जाणवले तर सावली पाहून गाडी बाजूला घ्यावी, बंद करावी आणि वीस मिनिटे निवू द्यावी. गरम इंजिनावर पाणी मात्र कदापि ओतू नये. तापलेला धातू एकदम एका बाजूने आकसतो. हेड वाकते किंवा त्याला तडा जातो. पाणी असेल तर ते लेकरांना पाजावे.

गर्दीत अडकल्यावर तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचे दिसले की इंजिन बंद करावे. उगीच घुर्रघुर्र चालू ठेवू नये. दुसरी, क्लच अर्धा दाबून गाडी रेटू नये. त्याने क्लच प्लेटा घासतात आणि त्यांची उष्णता ऑइलमध्येच उतरते. पुढे दहा-पंधरा पावलांची जागा होऊ द्यावी, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून तेवढे अंतर काटावे. तिसरी, मोठ्या गिअरमध्ये गाडी हळू ओढत नेऊ नये. पुढच्या ट्रकच्या धुराड्यामागे चिकटून राहण्यातही शहाणपण नाही, तो सगळा तप्त वारा आपल्याच इंजिनावर येतो.

पण खरी काळजी घरून निघण्यापूर्वीची. ऑइल पट्टीच्या खुणेइतके आहे का ते पाहावे. या गाड्यांत ऑइल असते साधारण लिटरभरच. त्यातले पाव लिटर जळून गेले तर उरलेल्यावर सगळा भार येतो. ऑइल कोणत्या नंबरचे घालायचे ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते, तेच घालावे. फिन्समध्ये बसलेला चिखल गाडी थंड असताना ब्रशने काढावा. द्राक्षबागेच्या कामाला रोज जाणाऱ्या गाड्यांत काळ्या मातीचा हा थर हटकून सापडतो, आणि तो गाडीला उन्हात गोधडी पांघरल्यासारखा होतो. चेन फार ताठ नको, ब्रेक चाकाला घासत नको, टॅपिट कारागिराकडून तपासून घ्यावेत. प्लग काढून पाहावा. टोक चहाच्या रंगाचे असेल तर ठीक, पांढरेफटक असेल तर इंजिन तापते आहे असे समजावे.

आणखी एक गोष्ट आम्हांला वाटेत फार दिसली. लेगगार्डला बांधलेल्या पिशव्या, समोर ताणून बांधलेले कापडी फलक. यात्रेला जाताना हे होते, तसेच १४ एप्रिलच्या रॅलीतही आपली तरुण मंडळी करतात. रॅली तर माणसाच्या चालीनेच चालते. झेंडा मागे लावावा, फलक बाजूला लावावा, पण इंजिनासमोरची जागा मोकळी ठेवावी. स्कूटरला झाकणाच्या आत स्वतःचा पंखा असतो, तिची वारा घेण्याची जाळी पिशवीने झाकू नये.

दिंडोरी सोडल्यावर लखमापूर फाटा, ओझरखेडचे धरण, मग वणी आणि पुढे गडाच्या पायथ्याचे नांदुरी. यात्रेच्या दिवसांत सहसा खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात आणि वर एस.टी.ने जावे लागते. इतर दिवसांत घाट चढायचा असेल तर नांदुरीला गाडी निववावी, तिघे बसू नये आणि खालच्या गिअरमध्ये सावकाश चढावे. उतरल्यावर सायलेन्सर बराच वेळ तापलेला असतो. लहान मुलांच्या पोटऱ्या त्यानेच भाजतात, म्हणून त्यांना दुसऱ्या बाजूने उतरवावे.

आपल्या घरांत मोटारसायकल ही चैनीची वस्तू नाही. तिच्यावर बाप कामाला जातो, तिच्यावर आजारी आईला दवाखान्यात नेतात, मुलीला परीक्षेच्या केंद्रावर सोडतात. हप्ते फेडून घेतलेली ती गाडी तापून पिस्टन जाम झाला की बोअरचे काम निघते आणि महिन्याचा किराणा त्यात जातो. लिटरभर ऑइल आणि रांगेत इंजिन बंद करायची सवय त्यापुढे काहीच नाही. ही सवय घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, मुलाला तशी मुलीलाही, शिकवावी.