जरा सरकून घ्या!

डिसेंबर उजाडला की आमच्या घरात एकच विषय... सांताक्लॉज! मुलगी सहा वर्षांची, मुलगा चारचा. दोघांच्या गिफ्टच्या याद्या नोव्हेंबरातच तयार. मॉलमध्ये सांताबरोबर फोटो, ऑफिसात केक, झाला ख्रिसमस! वसईतलं माझं लहानपण आठवून चुटपूट लागायची, पण डेडलाइन्समधून वेळ कुणाला?

गेल्या वर्षी मात्र २४ डिसेंबरला दोघांना घेऊन अंधेरीहून विरार लोकल पकडली. लेडीज डबा खचाखच. तिघींच्या सीटवर चौथी कशीबशी टेकलेली. तरी मी "जरा सरकून घ्या ना" म्हटलं आणि सगळ्या सरकल्या. एकीने तर मुलाला मांडीवरच घेतलं.

वसई रोडला पश्चिमेला उतरलात, की शहर मागे पडायला थोडा वेळ लागतो. मग दिसू लागतात केळीच्या बागा, विहिरी, रस्त्याकडेचे क्रूस आणि दारोदार टांगलेल्या चांदण्या. १५३४ ते १७३९ इथे पोर्तुगीजांची सत्ता होती. 'नाताळ' हा शब्द त्यांचाच. पण चर्चमधली मिस्सा मराठीत, आणि कुलकुलं तळतानाच्या गप्पा अस्सल वसईच्या बोलीत!

आईने अंगणात गोठा मांडला होता. भाताचा पेंढा, मातीची गाय, मेंढरं, मरिया, योसेफ. ही प्रथा रुजवली असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी त्यांनी खराखुरा बैल आणि गाढव आणून गोठा उभा केला होता.

"पण बाळ कुठाय?" मुलाने विचारलं. गव्हाण रिकामी!

"ते रात्री येणार," आजी म्हणाली आणि तिने गोष्ट सांगितली. बेथलेहेमला मरिया-योसेफ पोचले, तर उतारशाळेत जागाच नव्हती. म्हणून बाळाला गव्हाणीत निजवावं लागलं.

मुलगी विचारात पडली. "मग कुणी सरकलं का नाही?"

सगळे हसले. मला मात्र हसू येईना. पप्पा गेल्यापासून आई एकटी होती आणि दोन वर्षं मी तिला तेच सांगत होते, "वन-बीएचकेत तुला कुठे ठेवू गं?"

मिस्साहून परतल्यावर पेंगुळलेल्या मुलीने पेंढा सारखा केला आणि बाळाला अलगद गव्हाणीत ठेवलं. इतकी वर्षं चर्चमध्ये ऐकलेलं प्रवचन त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं. नाताळ म्हणजे येणाऱ्यासाठी जागा करणं!

जानेवारीत हॉलमधलं कॉम्प्युटर टेबल काढलं, तिथे दिवाण आला. आई आता महिन्यातले पंधरा दिवस आमच्याकडे असते, उरलेले तिच्या केळींसाठी राखीव. घरात अडचण होते का? होते की! पण आम्ही सरकून घेतो.

यंदा सुट्टीत वसईचे गोठे बघायला जरूर जा. मुलांना सोबत न्या आणि त्यांचे प्रश्न नीट ऐका...