नोंद कोणाच्या भरवशावर?

आपल्या शाळेच्या कार्यालयातील लोखंडी कपाट माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. त्यात जनरल रजिस्टरे आहेत. वसतिगृहात राहून शिकलेल्या प्रत्येक मुलामुलीची एक ओळ त्यांत आहे : नाव, वडिलांचे नाव, मूळ गाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याचा आणि शाळा सोडल्याचा दिवस. जून 2023 मध्ये एक माजी विद्यार्थी मुलीच्या जात पडताळणीसाठी स्वतःच्या नोंदीचा उतारा मागण्यास आला. पान सापडले, परंतु जातीच्या रकान्यापर्यंत वाळवी पोहोचली होती. शिष्यवृत्तीच्या जुन्या यादीशी पडताळून उतारा देता आला, म्हणून निभावले. एका मुलीचे पुढील शिक्षण कागदाच्या कडेवर अडले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नोंदीचे मोल इतिहासाच्या शिक्षिकेला वेगळे सांगावे लागत नाही. त्रिरश्मी लेण्यांच्या सहलीत दहाव्या लेण्यापाशी मी दरवर्षी मुलांना थांबवते. नहपानाचा जावई उषवदात याने तेथे कोरून ठेवले आहे की, भिक्षुसंघासाठी दिलेले 3000 कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. एकीकडे 2000 आणि दुसरीकडे 1000. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. हा व्यवहार निगमसभेत ऐकवून नोंदवल्याचेही त्यात म्हटले आहे. ठेव दुसऱ्याच्या हाती. पण अटी स्पष्ट आणि नोंद सर्वांसमक्ष. या लेखाचा अर्थ मला पुढे संगणकासमोर बसल्यावर अधिक उलगडला.

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत पुण्यात संगणकक्षेत्रात नोकरी करणारा आपला एक माजी विद्यार्थी मदतीला आला. सर्व नोंदी ‘एस्क्यूलाइट’ या डेटाबेसमध्ये ठेवायच्या, असे त्याने सुचवले. हा डेटाबेस 2000 सालापासून आहे, त्यावर कोणीही मालकी सांगत नाही आणि सगळी माहिती एकाच फाइलमध्ये राहते. पेनड्राइव्हवर तिची प्रत काढून घरी नेता येते.

नोंदी भरण्याचा प्रोग्रॅम त्याने जावास्क्रिप्टमध्ये लिहिला. ही मुळात ब्राउझरमधली भाषा. ब्राउझरबाहेर ती चालवण्यासाठी जी यंत्रणा लागते, तिला रनटाइम म्हणतात. रायन डाल यांनी 2009 मध्ये ‘नोड’ हा रनटाइम तयार केला. पुढे 2018 मध्ये, नोड करताना आपले काय चुकले हे जाहीरपणे सांगून, त्यांनीच ‘डेनो’ पुढे आणला. परवानगी दिल्याशिवाय प्रोग्रॅमला फाइलला वा इंटरनेटला हात लावता येत नाही, हा डेनोचा नियम मला फार पटला. मुलांच्या जाती आणि पत्ते असलेल्या प्रोग्रॅमला आम्ही फाइल उघडण्याची परवानगी दिली, इंटरनेटची दिली नाही.

परंतु त्या वेळी डेनोला स्वतःहून एस्क्यूलाइटशी बोलता येत नव्हते. त्यासाठी तिसऱ्याच कोणी लिहून सर्वांसाठी खुली ठेवलेली ‘लायब्ररी’, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, घ्यावा लागे. शोधात पहिली दिसली ती आम्ही घेतली. घाई माझी होती.

ऑक्टोबर 2024 मध्ये डेनोची दुसरी आवृत्ती आली आणि तिने काही जुन्या सोयी काढून टाकल्या. ती आवृत्ती बसवली आणि आमचा प्रोग्रॅम सुरूच होईना. लायब्ररीत बरेच दिवस कोणी बदल केलेला नव्हता. नोंदी शाबूत होत्या, पण त्यांच्यापर्यंत जाण्याचा दरवाजा बंद झाला होता. आणि दारात दाखल्यासाठी आलेले पालक उभे होते. लायब्ररी लिहिणाऱ्याला दोष कसा द्यावा? त्याने काम विनामूल्य दिले होते. न तपासता घेतले ते आम्ही. मार्च 2016 मध्ये अवघ्या 11 ओळींची एक लायब्ररी तिच्या कर्त्याने काढून घेतली, तेव्हा जगभरातील कित्येक प्रोग्रॅमची बांधणी अडली होती, हे मला नंतर कळले.

आमच्या विद्यार्थ्याने जुनी आवृत्ती परत बसवून काम सुरू केले आणि मग मला शेजारी बसवून दुसरी लायब्ररी निवडली. “मॅडम, तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना, साधन हाती आलं की आधी त्याला प्रश्न विचारायचे,” तो म्हणाला. लिहिणारे किती जण आहेत? शेवटचा बदल कधी झाला? लोकांनी कळवलेल्या चुकांना उत्तर मिळते का? वापराचा परवाना कोणता? ही लायब्ररी आणखी किती लायब्रऱ्यांवर उभी आहे? आणि ती कोणती परवानगी मागते? काही लायब्रऱ्या डेनोच्या कुंपणाबाहेर जाण्याची मुभा मागत होत्या. त्या आम्ही सोडल्या. निवडलेल्या लायब्ररीची आवृत्ती नेमकी लिहून ठेवली आणि तिच्याशी बोलणाऱ्या साऱ्या ओळी एकाच फाइलमध्ये आणल्या. फेब्रुवारी 2025 पासून डेनोमध्येच एस्क्यूलाइटची सोय आली आहे. उद्या तिच्याकडे वळायचे ठरले, तर ती एक फाइल बदलावी लागेल; नोंदी आहेत तशाच राहतील.

एक चूक मात्र कोणतीही लायब्ररी पकडू शकली नाही. सुरगाणा तालुक्यातील बाऱ्हे गावची मुले शोधली, तर निम्मीच नावे आली. दोघा शिक्षकांनी ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टंकलिखित केला होता. एकाचा ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराचा. दुसऱ्याचा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह यांचा. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी गावे वाटतात. आता प्रत्येक नोंद एकाच रूपात आणूनच साठवली जाते. मराठी जाणणाऱ्या माणसानेच लक्ष घालावे, असे ते काम होते.

उषवदाताने ठेव विणकरांवर सोपवली, पण अटी आणि साक्ष स्वतःच्या नावाने कोरून ठेवल्या. आम्हीही परक्यांच्या श्रमाचा आधार कृतज्ञतेने घेतला आहे. नोंदीची जबाबदारी मात्र आपलीच राहते. म्हणून माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे : मेळाव्याला याल तेव्हा थोडा वेळ कार्यालयात या, कपाटातील मूळ पान आणि पडद्यावरील ओळ शेजारी ठेवून आपले नाव, गाव आणि जन्मतारीख तपासा. चूक दिसली तर पुराव्यासह सांगा. आपल्यानंतर त्या ओळीची गरज आपल्या मुलामुलींना पडणार आहे.