तांबडा कोंबडा आणि लेझर

'क्षेपणास्त्र' हा शब्द ज्याने मराठीत घडवला, त्याला ते बहुधा कुणावर सोडायचं नसावं. शब्द उच्चारून होईपर्यंत समोरचा माणूस गल्ली ओलांडून पार गेलेला असतो. म्हणून लोक सरळ 'मिसाइल' म्हणतात. मिसाइलच्या बातमीत हटकून येणारा दुसरा शब्द म्हणजे 'टार्गेट'. हा आम्हा बँकवाल्यांच्या फार ओळखीचा. फरक एवढाच की, तिकडे मिसाइल टार्गेटच्या मागे लागतं आणि आमच्याकडे मार्च आला की टार्गेट माणसाच्या मागे लागतं.

तर २२ सप्टेंबर २०२० रोजी नगरच्या के. के. रेंजमध्ये अर्जुन रणगाड्यावरून लेझरच्या वाटाड्यावर चालणारं मिसाइल सोडलं आणि त्याने तीन किलोमीटरवरचं लक्ष्य टिपलं, अशी बातमी आली. ते बनवण्यात पुण्याच्या दोन प्रयोगशाळांचा हात होता. नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर. कल्याणहून तिकडे जाणारा रस्ता मुरबाडवरून येतो आणि वैशाखरे मागे टाकून माळशेज घाट चढतो. या वैशाखऱ्याला माझी आत्या राहते. बातमी वाचून मला जे कळलं नव्हतं, ते सगळं तिच्या अंगणात कळलं.

गेल्या आखाडात, गटारीच्या आदल्या दिवशी, आत्याचे जावई डोंबिवलीहून आले. जावई आले म्हणजे कोंबडा आलाच. पण कोंबड्याला हे नातं मान्य नव्हतं. खुराड्यातून निसटून तो अंगणात सुटला आणि जावई त्याच्या मागे. मी पडवीत चहा घेऊन बसलो होतो. धावपळीच्या जागी बसून बघणारा एक तरी माणूस असावा लागतो, नाहीतर तिचा वृत्तांत कोण लिहिणार?

जावईबापूंची पद्धत सरळ होती. कोंबडा जिथे दिसेल तिथे धावायचं. अडचण अशी की, ते तिथे पोचेपर्यंत कोंबडा तिथे नसायचा. तो वळला की हे वळायचे, आणि शेवटी कायम त्याच्या शेपटामागे. नुसती पाठ धरणाऱ्या मिसाइलचं हेच होतं. त्याला शेवटच्या क्षणी इतकं जोरात वळावं लागतं की, ते त्याला झेपत नाही.

मग आत्याचा दहा वर्षांचा नातू उतरला. तो कोंबड्याकडे धावलाच नाही. तो तिरका निघाला, कोंबडा जिथे पोचणार होता तिकडे. यामागचं गणित दिसतं त्याहून सोपं आहे. धावताना कोंबडा आपल्या नजरेत डावीउजवीकडे सरकत नसेल आणि अंतर मात्र कमी होत असेल, तर टक्कर ठरलेली. गर्दीच्या प्लॅटफॉर्मवर तिरका येणारा ट्रंकवाला नजरेत एकाच जागी मोठामोठा होत जातो, तो नेमका आपल्यावरच आदळतो, तसं. मिसाइलच्या नाकातला डोळा एवढंच बघतो. लक्ष्याकडची नजरेची रेषा वळू लागली की, ती ज्या वेगाने वळते त्याच्या तीन ते पाच पट वेगाने आपली दिशा वळवायची, म्हणजे रेषा पुन्हा स्थिर होते. २०१७ साली ऑक्सफर्डच्या मंडळींनी ससाण्यांच्या पाठीवर चिमुकले कॅमेरे बांधून पाहिलं, तर ससाणाही याच नियमाने झडप घालतो असं निघालं. आत्याच्या नातवाच्या पाठीवर अजून कुणी काही बांधलेलं नाही. शाळेतल्या दप्तराचं ओझं तेवढं आहे.

डोळा मात्र निरनिराळ्या जातीचा असतो. काही मिसाइलं उष्णता बघतात. आमच्याकडचा चापडा साप नाकाडोळ्यांमधल्या खळग्यांनी अंधारात उंदराची ऊब हेरतो, तशी ती विमानाच्या इंजिनाची ऊब हेरतात. म्हणून विमानं जळते गोळे मागे टाकून त्यांना चकवतात. काहींचा डोळा रडारचा असतो. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या आपल्या छोट्या नौकांनी कराचीजवळ सोडलेली रशियन मिसाइलं आधी नुसती नाकासमोर उडत गेली आणि लक्ष्य जवळ आल्यावर स्वतःचं रडार लावून प्रतिध्वनीच्या मागे गेली. 'खैबर' या पाकिस्तानी विनाशिकेला निर्घातचं मिसाइल लागलं, तेव्हा तिच्यावरच्या लोकांनी विमानाने हल्ला केल्याचा संदेश धाडला. आपल्याला काय लागलं, हेही त्यांना कळलं नव्हतं.

आणि नगरच्या मिसाइलला बोट दाखवावं लागतं. लक्ष्यावर लेझरचा ठिपका कुणीतरी धरायचा, मिसाइल त्या ठिपक्याकडे जाणार. आमच्या अंगणात हे काम आत्याकडे होतं. ओट्यावरून तिचं बोट आणि आवाज दोन्ही चालू होते. "त्यो बघ, त्यो तांबडा! तुरेवाला!" तेवढ्यात कोंबडा करवंदीच्या जाळीत घुसला, पलीकडून एक तांबडा तुरेवाला बाहेर आला, आणि आत्याचं बोट त्याच्यावर गेलं. नातवाने झेप घातली. नेम अचूक! जावयांनी टाळ्या वाजवल्या.

कोंबडा शेजारणीचा निघाला.

खरं तर कोंबड्यांच्या पायात खुणेची चिंधी असते. आत्याची निळी, शेजारणीची पिवळी. पण पावसात दोन्ही चिखलाच्या रंगाच्या झाल्या होत्या. शेजारीण पदर खोचून आली, पाय धुऊन चिंधी दाखवली, चार शब्द ऐकवले आणि कोंबडा काखेत मारून गेली. जावयांना बोंबलाच्या कालवणावर भागवावं लागलं.

विमानांच्या पायातही अशी चिंधी असते. जमिनीवरून रेडिओने खुणेचा प्रश्न जातो आणि विमानातलं यंत्र आपोआप खुणेचं उत्तर देतं, म्हणजे हे आपलं. २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मिरात बडगामजवळ आपल्याच मिसाइलने आपलंच हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाची सहा माणसं गेली, खालचा एक गावकरीही गेला. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ही आपली मोठी चूक होती, असं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हवाई दलाच्या प्रमुखांनी उघडपणे सांगितलं. मिसाइलमध्ये बिघाड नव्हता. त्याला जे दाखवलं, ते त्याने गाठलं.

संध्याकाळी आत्या कोंबड्या मोजून डालं झाकत होती, तेव्हा तिला हे मी सांगितलं. ती थोडा वेळ डाल्यावर हात ठेवून उभी राहिली.

"नाशिकचा पोरगा व्हता?"

"हो, आत्या."

"आन् ज्यानं बटन दाबलं, त्यो कुठला रं?"

ते बातमीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"त्याच्या घरी कुणी जाऊन आलं का?" तिनं विचारलं, आणि डाल्यावर दगड ठेवला.