विसरभोळं मशीन

‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे वाक्य सॉफ्टवेअरच्या कुठल्याही ऑफिसात रोज कुणी ना कुणी म्हणतंच, आणि म्हणणारा बहुतेक वेळा खरं बोलत असतो. त्याच्या लॅपटॉपवर आजवर काय काय इन्स्टॉल झालंय, कुठली सेटिंग कुठल्या घाईच्या संध्याकाळी बदलली, हे त्याला आठवत नसतं. लॅपटॉपला सगळं आठवत असतं. म्हणून कोड खरोखर चालतो का हे ठरवायला यातलं काहीच माहीत नसलेलं मशीन लागतं. प्रत्येकानं पुश केलेला कोड उचलायचा, बिल्ड करायचा, टेस्ट चालवायच्या, फुटलं तर सांगायचं, एवढंच त्याचं काम.

आमच्याकडे पूर्वी यासाठी जेन्किन्स होतं. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना 2004 साली ते हडसन या नावानं सुरू केलं. पुढे ओरॅकलनं सन विकत घेतली, नावावरून वाजलं आणि 2011 मध्ये हडसनचं जेन्किन्स झालं. सॉफ्टवेअर उत्तम आणि फुकट; आजही मी त्याला नावं ठेवणार नाही. आमचं मशीन मात्र टेस्टिंगवाल्यांच्या टेबलाखाली होतं आणि त्यावर ‘बंद करू नये’ असा कागद चिकटवलेला होता. त्याच्यावर जावाच्या तीन आवृत्त्या होत्या. आमचं बिल्ड त्यातली नेमकी कुठली वापरतं हे ज्याला ठाऊक होतं, तो केव्हाच कॅनडाला गेला होता. म्हणजे विसरभोळं म्हणून आणलेलं मशीनच ऑफिसातलं सर्वांत जुनं खोड होऊन बसलं होतं.

गिटहब अ‍ॅक्शन्ससारख्या सेवेवर गेल्यावर पहिला फरक पडला तो इथे. त्यांचा रनर म्हणजे दर जॉबला मिळणारं कोरं व्हर्च्युअल मशीन. जॉब संपला की ते टाकून देतात. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात परका माणूस उभा करावा तसं त्याला मिठाच्या डब्यापासून सगळं सांगावं लागतं, आणि तेही यॅमल फाइलमध्ये, लेखी. तोंडी चालत आलेलं बरंच काही आमच्याकडे पहिल्यांदा कागदावर आलं ते यामुळे. जावाची आवृत्ती लिहावी लागली. विंडोजवर फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर मोठं की छोटं याकडे कुणी बघत नव्हतं. लिनक्सचा रनर पहिल्याच दिवशी त्यावर अडून बसला.

कोरेपणाची किंमत वेळेत मोजावी लागते. दर वेळी सगळ्या लायब्ऱ्या नव्यानं उतरवायच्या, आणि खासगी कोडसाठी मिनिटांचा हिशेब असतो. म्हणून कॅश ठेवतात. पण कॅश म्हणजे पुन्हा आठवणच, आणि मला तिचा भरवसा नाही. दिवसा कॅश, रात्री एक बिल्ड बिनकॅशचं, असा आमचा रिवाज पडला. रात्री दोनला ते हवं, तर फाइलमध्ये आदल्या दिवसाचे 20:30 लिहायचे, कारण तिथलं घड्याळ यूटीसीचं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. (ऐन तासाच्या ठोक्याला गर्दी असते, ठरवलेले जॉब रखडू शकतात, असं गिटहबच सांगतं. आपल्या साडेपाच तासांतला तो अर्धा तास इथे फुकटात उपयोगी पडतो.)

हे रात्रीचं बिल्ड एकदा रोज फुटायला लागलं. दिवसा हिरवं, रात्री लाल. साहजिकच सगळ्यांनी कॅशकडे बोट दाखवलं. रात्री कॅश नसते, तर लायब्ररीचीच काही भानगड असणार. फुटणारी टेस्ट बिलाची होती. बिलाची तारीख आणि पैसे भरायची शेवटची तारीख यांत तीस दिवस हवेत, रात्री एकोणतीस येत होते. बिलाची तारीख भारतीय वेळेनुसार निघत होती, शेवटची तारीख मशीनच्या घड्याळावरून. लॅपटॉपवर दोन्ही घड्याळं एकच. रनरवर मात्र आपल्याकडचे बारा वाजल्यापासून पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच तारीख चालू असते. प्रॉडक्शनचे सर्व्हरही यूटीसीवरच होते. मध्यरात्रीनंतर बिल झालेल्या गिऱ्हाइकाची एक दिवसाची मुदत आम्ही खात होतो. टेबलाखालच्या मशीनचं घड्याळ भारतीय होतं. त्याला हे जन्मात कळलं नसतं.

परक्या जागेचे धोकेही आहेत. बर्लिनच्या ट्रॅव्हिस सीआयनं 2011 पासून मुक्त सॉफ्टवेअरची बिल्डं फुकट केली. 2020 च्या नोव्हेंबरात दराचे नियम बदलले आणि कित्येक प्रकल्पांना बिऱ्हाड हलवावं लागलं. तेव्हापासून माझा आग्रह असा, की यॅमलमध्ये शहाणपण ठेवायचं नाही. खरी कामं आपल्या रेपोतल्या स्क्रिप्टमध्ये. यॅमलनं ती फक्त हाक मारून बोलवावीत.

दुसरा धोका जास्त खोल आहे. डिप्लॉय करायचं म्हणजे त्या मशीनच्या हातात पासवर्ड आणि टोकन द्यावे लागतात. 2025 च्या मार्चमध्ये ‘टीजे-अ‍ॅक्शन्स/चेंज्ड-फाइल्स’ ही 23 हजारांहून अधिक रेपोंमध्ये वापरली जाणारी अ‍ॅक्शन (म्हणजे यॅमलमध्ये नाव आणि आवृत्तीचा टॅग लिहून वापरायचा दुसऱ्याचा आयता कोड) कुणीतरी बिघडवली. जुन्या आवृत्त्यांचे टॅग नव्या, विषारी कमिटकडे वळवले आणि रनरच्या मेमरीतली गुपितं बिल्डच्या लॉगमध्ये छापली. सार्वजनिक रेपोचा लॉग कुणीही वाचू शकतो. मशीन ठरल्याप्रमाणे सगळं विसरून गेलं. लॉग विसरला नाही.

टॅगऐवजी कमिटचा पूर्ण हॅश लिहिलेला असला तर असं कुणाला वळवता येत नाही. आमच्या फाइलींत आता ते चाळीस अक्षरांचे हॅश आहेत. दिसायला गचाळ, आवृत्ती वाढवायच्या वेळी कटकट, कारण हॅश बदलण्याआधी मधल्या काळात काय बदललं ते कुणीतरी वाचायचं असतं. टीममधली पोरं कुरकुरतात, ‘सर, टॅग लिहिला की एका ओळीत काम झालं असतं.’ मी ऐकून घेतो आणि पुढचा हॅश वाचायची पाळी त्यांच्यातल्याच एकावर लावतो.